एका बेलवर दोन बिऱ्हाडे : जुना पीसी मंद का होतो, त्याचा थोडा इतिहास



गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या एका जुन्या सभासद काकूंनी घर बदलायला काढले. बेसमेंट रिकामे करताना कोपऱ्यात चादरीखाली झाकलेला एक काँप्युटर निघाला. १९९६ ते २००१ या काळात आपली हीच पत्रिका काका त्या काँप्युटरवर मराठीत टाइप करीत. काका आज नाहीत. त्या वर्षांचे छापील अंक मंडळाच्या कपाटात होते, पण पाइप फुटून सगळे भिजून गेले. म्हणजे त्या सहा वर्षांची पत्रिका कुठे उरली असेल, तर त्या पेटीतच. मुलांनी सांगून ठेवले होते, "आई, रिसायकलिंगला देऊन टाक." काकूंनी आम्हाला फोन केला. "चालू होतोय रे, पण फार हळू. एकदा बघता का?"

आम्ही तिघे स्वयंसेवक गेलो. प्रस्तुत लेखक पेशाने रसायनशास्त्राचा, दुसरे सॉफ्टवेअरमधले, आणि तिसरी, आमच्यातली सर्वांत धाकटी, जिने असले यंत्र जन्मात पाहिले नव्हते. बटण दाबले. यंत्र आधी थांबले, तारीख चुकली आहे अशी तक्रार केली, एफ१ दाबायला लावले, आणि मग विंडोज ९५ चा पडदा येऊन स्थिर व्हायला अकरा मिनिटे लागली. माऊस अडखळत चाले. एक फाइल उघडायची म्हणजे काकूंनी केलेला चहा पिऊन व्हावा, तरी घड्याळाचे चित्र फिरतेच आहे.

"म्हातारा झालाय बिचारा," काकू म्हणाल्या. आम्हालाही आधी तसेच वाटले. पण थोडा विचार केल्यावर ते पटेना. १०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ठोके वयाने कमी होत नाहीत. १९९६ साली तो सेकंदाला जेवढे ठोके देई, तेवढेच आजही देतो. रसायनशास्त्रात एक साधा नियम आहे : अनेक पायऱ्यांच्या अभिक्रियेचा वेग तिची सर्वांत मंद पायरी ठरवते. मग या यंत्राची मंद पायरी कोणती? ते शोधताना आम्हाला बराच इतिहास वाचावा लागला. तो रंजक वाटला, म्हणून हा लेखप्रपंच.

आठ बेलांची चाळ

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पीसी न्यूयॉर्कमध्ये जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या छोट्या चमूने तो सुमारे एका वर्षात तयार केला होता. घाई असल्यामुळे त्यांनी बाजारात मिळणारेच भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. आत कार्डे बसवायला पाच स्लॉट. आणि इंटेलचीच ८२५९ नावाची एक चिप. आपली सारी कथा या चिपभोवती फिरते.

प्रोसेसर म्हणजे सतत हिशेब करीत बसलेला गृहस्थ समजा. कीबोर्डवर कुणी अक्षर दाबले, डिस्कवरून माहिती आली, तर ते त्याला कळायचे कसे? दर क्षणाला उठून प्रत्येक दारात डोकावायचे म्हणजे हिशेब कधी करायचा? म्हणून प्रत्येक उपकरणाला एक बेल दिली. बेल वाजली की हातातले काम ठेवायचे, त्या दारावर जाऊन यायचे, आणि काम पुढे चालू करायचे. या बेलेला इंटरप्ट म्हणतात आणि तिच्या तारेला आयआरक्यू. सगळ्या बेला सांभाळणारा रखवालदार म्हणजे ८२५९ चिप. तिच्याकडे तारा होत्या आठ, ० ते ७.

त्यातली ० क्रमांकाची घड्याळाला दिली, १ कीबोर्डला. २ राखून ठेवली. ३ आणि ४ मोडेम वगैरे जोडण्याच्या दोन सीरियल पोर्टांना, ६ फ्लॉपीला, ७ प्रिंटरला. उरली ५, तीही १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये हार्ड डिस्कने घेतली. म्हणजे दोन वर्षांत चाळ भरली!

१९८४ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने एटी हे मॉडेल आणले. त्यात दुसरी ८२५९ चिप घालून ती पहिलीच्या २ क्रमांकाच्या तारेला जोडली. आठाच्या सोळा तारा झाल्या, पण एक जोडणीतच गेल्यामुळे हाती पंधरा. त्यांतल्याही ८ वर घड्याळ-कॅलेंडर, १३ वर गणिती सहप्रोसेसर, १४ वर हार्ड डिस्क अशी नेमणूक ठरली. पुढे १२ माऊसने आणि १५ दुसऱ्या डिस्क-जोडणीने घेतली. ही पंधराची मर्यादा पुढे पंधरा-सोळा वर्षे पीसीच्या मानगुटीवर बसली.

दोघांना मिळून एक बेल वापरता आली नसती का? अडचण विजेच्या रचनेत होती. त्या काळच्या स्लॉटमध्ये (त्याला पुढे आयसा हे नाव मिळाले) तारेवरचा दाब खालून वर चढला, की त्या चढण्याच्या क्षणालाच बेल वाजली असे धरत. एका कार्डाने तार वर धरून ठेवली असताना दुसऱ्याने बटण दाबले, तर नवा चढ होतच नाही, म्हणून दुसऱ्याची हाक कुणाला ऐकूच जात नाही. एकाच बेलवर दोन बिऱ्हाडे! पाहुणा कुणाकडे आला ते कळत नाही, आणि दोघेही समजतात की शेजारी दार उघडेल.

नंबर वाटणारा कुणीच नव्हता

आयबीएमने पीसीची रचना, आकृत्यांसकट, पुस्तकात छापून विक्रीला ठेवली होती. त्यामुळे कुणालाही त्याच्यासाठी कार्ड बनवता येऊ लागले, आणि लवकरच अख्खा पीसीही. कॉम्पॅकने १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये आपला पहिला जुळा पीसी जाहीर केला. स्पर्धा वाढली, किमती उतरल्या. आपल्यासारख्या पगारदार कुटुंबांच्या घरात काँप्युटर आला तो या मोकळेपणामुळे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की कुठल्या कार्डाने कुठली बेल घ्यायची हे ठरवणारे कुणीच नव्हते. आयसा कार्डाला स्वतःची ओळख सांगण्याची सोय नव्हती. कार्डावर बारीक पिना असत, त्यांवर जंपर नावाचे टिचभर टोपण बसवून नंबर ठरवायचा. कोणता नंबर मोकळा आहे हे ज्याचे त्याने शोधायचे.

१९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साऊंड ब्लास्टर कार्ड आले. सुरुवातीच्या कार्डांवर ७ हा नंबर आधीच ठरवलेला असे, आणि तो तर प्रिंटरचा! पुढे ५ ची प्रथा पडली. ज्यांची मुले त्या काळात डॉसवर खेळ खेळली, त्यांना 'ए२२० आय५ डी१' हा मंत्र आजही पाठ असेल : पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १.

सीरियल पोर्टांची गोष्ट आणखी मजेची. पोर्ट चार, पण बेला दोनच. पहिला व तिसरा मिळून ४, दुसरा व चौथा मिळून ३. पहिल्यावर माऊस आणि तिसऱ्यावर मोडेम लावला, की मोडेमने नंबर फिरवताच माऊस जागच्या जागी गोठे. किती घरांत यावरून मोडेम परत केले गेले असतील! मोडेम चांगला होता, माऊसही चांगला होता. बेल एक होती.

आपल्या लिपीलाही तेव्हा पेटीत जागा शोधावी लागे. आयआयटी कानपूरला सुरू झालेले जिस्ट तंत्राचे काम पुढे, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेकडे आले. जिस्ट कार्ड स्लॉटमध्ये बसवले, की डॉसमधल्या साध्या सॉफ्टवेअरमध्येही देवनागरी दिसे. मराठी हवी तर एक स्लॉट मोकळा ठेवा, असा तो काळ. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती खरी, पण विंडोजमध्ये ती नीट वापरता येऊ लागली ती विंडोज २००० पासून. मधली वर्षे ज्याचा त्याचा फाँट आणि ज्याची त्याची अक्षरजुळणी. काकांचे काम नेमके या मधल्या वर्षांतले.

भांडण मिटवण्याचे प्रयत्न

पहिला मोठा प्रयत्न आयबीएमनेच केला. १९८७ च्या एप्रिलमध्ये पीएस/२ मालिकेत मायक्रोचॅनेल नावाचे नवे स्लॉट आले. जंपर गेले, नंबर फ्लॉपीवरच्या सॉफ्टवेअरने ठरू लागले, आणि बेल वाटून घेता येऊ लागली. तंत्र उत्तम. पण ते वापरायचे तर आयबीएमकडून परवाना घ्यावा लागे, आणि जुनी कार्डे त्यात बसत नसत. १९८८ साली कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी मिळून आयसा हा दुसरा पर्याय काढला (नावात सुरुवातीला 'ई' जास्त, म्हणजे ई-आयसा). तोही महाग, म्हणून मोठ्या सर्व्हरपुरताच राहिला. घरगुती पीसीत जुने स्लॉटच चालत राहिले.

१९९२ साली इंटेलने पीसीआय आणले. त्यातले कार्ड स्वतःची ओळख सांगू शकते आणि बेल वाटून घेऊ शकते. १९९३ मध्ये जुन्या आयसा कार्डांसाठीही 'प्लग अँड प्ले' चे नियम ठरले. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले, त्यात नंबर वाटण्याचे काम यंत्राकडे आले. आणि नव्याबरोबर जुनी जंपरवाली कार्डेही त्याच पेटीत असल्यामुळे गोंधळ उलट वाढला! 'प्लग अँड प्ले' ला लोक 'प्लग अँड प्रे' म्हणू लागले. आपल्या भाषेत, लावा नि देव आठवा.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला मात्र, भरसभेत पडदा निळा होऊन यंत्र बंद पडले. तेव्हा आपल्या घरी असे झाले तर मनाला लावून घेण्याचे कारण नव्हते.

तो स्कॅनर यूएसबीवर जोडला होता, आणि शेवटी यूएसबीनेच प्रश्न बराचसा सोडवला. १९९६ साली त्याची पहिली आवृत्ती ठरली. एका बेलवर एक मुख्य नियंत्रक बसतो आणि त्याच्या हाताखाली १२७ पर्यंत उपकरणे राहू शकतात. हे तंत्र घडवणाऱ्या इंटेलमधील प्रमुखांपैकी एक अजय भट्ट. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले, ही आपल्याला जवळची गोष्ट. त्यापुढे १९९८ च्या पीसीआय आवृत्तीत बेलेऐवजी निरोपाची चिठ्ठी पाठवण्याची सोय झाली, आणि २००३ साली आलेल्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये बेलेची वेगळी तार ठेवलीच नाही. म्हणून आजच्या लॅपटॉपवाल्या मुलांना आयआरक्यू हा शब्दही ठाऊक नसतो. त्यांचे भाग्य.

काकांचा कागद

आता परत काकूंच्या बेसमेंटमध्ये येऊ. आम्ही सर्वांत आधी डिस्क काढून, अडॅप्टरने आजच्या लॅपटॉपला जोडून तिची पूर्ण प्रत करून घेतली. प्रयोगशाळेतली सवय : नमुना एकच असेल तर आधी त्याचा भाग राखून ठेवायचा. अंकांच्या फाइली होत्या, पण लॅपटॉपवर उघडल्या तर नुसती रोमन चिन्हांची खिचडी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते अंक बांधले होते, ते प्रिंटरच्या पोर्टला लावलेले हार्डवेअर लॉक असल्याशिवाय चालत नसे. म्हणजे अंक वाचायचे तर ती पेटीच धावती करायला हवी होती.

कंट्रोल पॅनेल उघडले. सिस्टिममधल्या परफॉर्मन्सच्या पानावर लिहिले होते, की डिस्क एमएस-डॉसच्या जुन्या पद्धतीने चालली आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क-नियंत्रकावर पिवळे उद्गारचिन्ह. हीच ती मंद पायरी! विंडोजचा स्वतःचा वेगवान ३२ बिट ड्रायव्हर चढलेलाच नव्हता. डिस्कवरचा प्रत्येक घास जुन्या बायॉसच्या हातून यावा लागत होता. त्यात मेमरी १६ मेगाबाइट, म्हणजे अपुऱ्या मेमरीची भरपाईही डिस्ककडूनच. सगळे यंत्र एका अरुंद बोळातून ये-जा करीत होते.

वेगवान ड्रायव्हर चढत का नव्हता? कॅबिनेटचे झाकण काढले तर आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला एक कागद. काकांच्या नेटक्या अक्षरात :

"३ मोडेम. ४ माऊस. ५ आवाज. ७ प्रिंटर व लॉक. १४ डिस्क. १५ सीडी (आवाजाच्या कार्डावर). बोर्डावरची दुसरी आयडीई बंद ठेवणे."

काकू थोडा वेळ तो कागद बघत राहिल्या. म्हणाल्या, "सगळ्याची यादी करायचे. किराण्याची सुद्धा."

उत्तर त्या शेवटच्या ओळीत होते. काकांनी मल्टीमीडिया किट घेतले असावे. त्यातला सीडी ड्राइव्ह साऊंड कार्डाला जोडतात आणि तो १५ नंबर घेतो. मदरबोर्डावरची दुसरी डिस्क-जोडणीही १५ च मागते, म्हणून काकांनी ती बायॉसमध्ये बंद केली होती. पण बायॉसची ही आठवण एका नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली, आठवण पुसली, यंत्राने मूळ नेमणुका परत आणल्या, आणि बंद केलेली जोडणी पुन्हा उघडली. एका बेलवर दोन बिऱ्हाडे आली. काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तारीख विचारायला लागला ना, तेव्हापासूनच हळू झाला."

सीआर२०३२ ही बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली. ती बदलली, तारीख घातली, दुसरी आयडीई कागदाप्रमाणे बंद केली. भांडणाचे कारण मिटले. यंत्र चालू केले, तर ते तितकेच मंद!

इथे आम्ही हात टेकण्याच्या बेतात होतो. मग कळले, की विंडोज ९५ चा आयडीई ड्रायव्हर एकदा चढता चढता अडखळला, की रजिस्ट्रीत 'नोआयडीई' अशी नोंद होते. ती नोंद असेपर्यंत विंडोज पुन्हा प्रयत्नच करीत नाही. भांडण संपले तरी अबोला चालू. ती एक नोंद पुसून यंत्र पुन्हा सुरू केले. दोन मिनिटांत पडदा तयार, पिवळे चिन्ह गायब. आमच्या धाकट्या स्वयंसेविकेने नकळत टाळ्या वाजवल्या.

लॉक जागेवर होतेच. पहिला उघडला तो १९९७ चा दिवाळी अंक. त्यात त्या वर्षी मंडळात जन्मलेल्या बाळांची यादी होती, आणि तिच्यात आमच्या धाकट्या स्वयंसेविकेचे नाव. काकूंनी ते पान छापून मागितले. दोन फाइली खराब निघाल्या, बाकी सारे अंक आता कागदावर आले आहेत. वाचनालयाच्या टेबलावर ठेवू.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर

१. आधी डिस्कची प्रत, मग दुरुस्ती. डिस्क जुनी आहे, ती कधीही दगा देईल.

२. भारतातून आणलेले यंत्र असेल तर मागचा ११०/२२० चा खटका तपासा. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

३. कार्डाला हात लावण्यापूर्वी वायर काढा आणि कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. बॅटरीतून काही गळले असेल तर यंत्र चालू करू नका.

४. प्रिंटर पोर्टला लावलेला छोटा डबा फालतू समजून फेकू नका. तो लॉक असू शकतो.

५. नेमके काय भांडते ते कळत नसेल, तर जरुरीपुरती कार्डे ठेवून बाकीची काढा आणि एकेक परत लावा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून. रसायनशास्त्राने आम्हाला दिलेली ही सर्वांत कामाची शिकवण.

६. कारण दूर झाल्यावरही यंत्र मंद असेल तर जुनी नोंद कुठे राहिली आहे का ते बघा.

आणि एक विनंती. काकांचा तो कागद नसता तर आम्ही आणखी दोन महिने चाचपडत बसलो असतो. आज आपल्या घरातले पासवर्ड, फोटोंच्या जागा, खात्यांची नावे एकाच माणसाच्या डोक्यात असतात. एका कागदावर लिहून ठेवा आणि घरात सांगून ठेवा.

कुणाच्या माळ्यावर, बेसमेंटमध्ये अशी यंत्रे किंवा फ्लॉप्या असतील, त्यांनी फेकण्याआधी आम्हाला कळवावे. आम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन येऊ. चहा मात्र लागेल.